उशीच्या अभ्र्यातलं डोकं

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात धनू बोन सेट घेऊन घरी आली. हातापायांची हाडं गोणपाटाच्या पिशवीत आणि कवटी वेगळी, उशीच्या अभ्र्यात. अभ्रा आमच्याच घरचा, निळ्या फुलांचा, मी शिवलेला. सकाळी कपाटातून गुपचूप काढून नेला होता.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या. अभ्र्यातला गोल आकार बघून म्हणाल्या, “खरबूज आणलीस व्हय गं?”

“आज्जी, डोकं आहे.”

“कुणाचं?”

ह्यावर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पोरगी काय सांगणार? तिनं एका सीनियरकडून घेतलं, त्यानं त्याच्या सीनियरकडून, एवढंच तिला ठाऊक. आत्याबाईंनी परात बाजूला सारली. “मड्याचं डोस्कं घरात आणलालीस? ह्याची कवटी फुटली न्हाई. म्हंजी त्यो अजून सुटला न्हाई.”

चितेवर कवटी फुटल्याचा आवाज आल्याशिवाय आपल्याकडे माणसं स्मशानातून पाय काढत नाहीत. त्या हिशेबानं अभ्र्यातला जीव किती वर्षं ताटकळत होता कोण जाणे. 1985 साली सरकारनं बंदी घालेपर्यंत आपल्या देशातून माणसांचे सांगाडे जगभरच्या मेडिकल कॉलेजांना जात होते, हे मला धनूनंच नंतर सांगितलं. आत्याबाईंना सांगायची हिंमत तिलाही झाली नाही.

शेवटी तह झाला. घरात नाही, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

शेड म्हणजे माझं कामाचं ठिकाण. दोन साध्या मशिनी आणि एक ओव्हरलॉक. बाहेरच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण शाळांचे गणवेशही इथं ढिगानं शिवले जातात. मी नगावर शर्ट, ट्युनिक आणि हंगामात ब्लेझर शिवते. तर दोऱ्याच्या कोनांच्या फळीवर, पांढऱ्या आणि नेव्ही ब्ल्यू कोनांच्या मधोमध, ही कवटी येऊन बसली. धनू रात्री तिथंच अभ्यास करायची, मी मशिनवर. मी बारावी, तीही आर्ट्स. पण व्हायवाची, तोंडी परीक्षेची, तयारी म्हणजे समोर कुणीतरी प्रश्न विचारणारं लागतं. पुस्तक माझ्या मांडीवर आलं आणि माझं शिक्षण सुरू झालं.

कवटीचा रंग जुन्या शर्टाच्या बटणासारखा पिवळट. वर लाल-निळ्या शाईच्या रेघोट्या. कुठला स्नायू कुठून निघतो ते लाल, कुठं जाऊन चिकटतो ते निळं, असं आधीच्या किती पोरांनी गिरवून ठेवलेलं. टोपीसारखा वरचा भाग करवतीनं कापलेला आणि कड्यांनी अडकवलेला. जबड्याला स्प्रिंग. एका डोक्यात 22 हाडं. मेंदूची पेटी 8 हाडांची, चेहरा 14 हाडांचा, आणि सगळ्यांत हलणारं फक्त एक, खालचा जबडा. “आपल्या घरातही तेच जास्त हलतं,” असं धनूचे पप्पा जाताजाता म्हणून गेले. कुणाविषयी, ते विचारलं नाही.

मला खरा नाद लागला तो शिवणींचा. ह्या हाडांच्या जोडांना डॉक्टर लोक सूचर म्हणतात, म्हणजे शिवणच की! पंचवीस वर्षं शिवणकाम करते मी, पण एवढी बारीक वेडीवाकडी शिवण कुठल्या मशिनवर बघितली नाही. एका हाडाचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत असे बसलेत की ओढून निघायचं नाव नाही. धनू नावं पाठ करायची, कोरोनल, सॅजायटल, लॅम्डॉइड, आणि माझ्या डोक्यात काही राहायचं नाही. मग मी माझी खूण लावली. जिथं शाळेतल्या मुली हेअरबँड लावतात ती कोरोनल. आपण भांग पाडतो त्याच्या बरोबर खाली सॅजायटल. आणि अंबाडा जिथं टेकतो तिथं ती दोन फाटे फुटलेली लॅम्डॉइड. आमच्या कवटीत तर त्या मागच्या शिवणीत नखाएवढं एक जादा हाड होतं. “हे ठिगळ कुणी लावलं?” मी विचारलं. तर असली ठिगळं बऱ्याच जणांना असतात म्हणे, आणि ओले वर्म नावाच्या डेन्मार्कच्या डॉक्टरवरून त्यांना वर्मियन हाडं म्हणतात.

हेअरबँड आणि भांग मिळतात ती जागा म्हणजे टाळू. तेवढ्यात शेडच्या दाराकडून आवाज आला, “टाळू मी भरली व्हती तुझी. रोज वाटीभर तेल.” आत्याबाई दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. किती वेळ कोण जाणे. आत पाऊल टाकायचं नाही हा हट्ट कायम, पण कान आत. धनूनं त्यांना बाहेर जाऊन सांगितलं की बाळ जन्मताना ही हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून डोकं सुटतं, आणि पुढची टाळू साधारण दीड वर्षात हाडानं भरते, तेलानं नाही. आत्याबाई म्हणाल्या, “बरं. मग तेल न घालता भरून दाव.”

डॉक्टरकीचं वेड धनूला चौथीपासूनचं. शाळेत द्वारकानाथ कोटणीसांचं सोंग केलं होतं तिनं, पांढरा कोट मीच शिवलेला. 1910 साली सोलापुरात जन्मलेला माणूस चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांना बरं करतो हे तिला फार आवडलं होतं. तो 32 व्या वर्षी फिट्स येऊन गेला, हे मात्र तिला आत्ता, मेंदूचं पुस्तक उघडल्यावर, नव्यानं टोचलं. दोन दिवस तेच बोलत होती.

टोपी उघडली की आतली बाजू. मला वाटलं होतं वाटीसारखी गुळगुळीत असेल. तर आत झाडाच्या फांद्यांसारख्या खाचा कोरलेल्या! ही मधली मेनिंजियल धमनी, धनू म्हणाली. जिवंतपणी ती हाडाला इतकी चिकटून धडधडत असते की हाडात तिची नक्कल उठते. कानशिलाच्या जागी चार हाडं इंग्रजी एच अक्षरासारखी मिळतात, तिथं हाड पातळ, आणि नेमकी त्याच्या आतून ही धमनी जाते. तिनं मोबाईलचा टॉर्च आत धरला तर कानशिलापाशी हाडातून पिवळट उजेड बाहेर आला. तेव्हापासून “एक कानशिलात ठेवून देईन” हे वाक्य मी धाकट्याला उद्देशून बोललेली नाही. पाठीत धपाटा घालते.

बाकी भोकं पुष्कळ. तळाला मधोमध मोठं, त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदूतून आलेलं रक्त परत नेणारी दोन, त्यातलं बहुतेकांत उजवं मोठं. रक्त वर नेणाऱ्या चार वाटा, गळ्यातून पुढून दोन आणि मानेच्या मणक्यांतून मागून दोन, आणि त्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना मिळून कडं करतात. विलिसचं वर्तुळ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांसाठी रस्ते बंद असले की आपला रिक्षावाला बोळाबोळांतून काढून नेतोच, तसं एक वाट तुंबली तर दुसरीकडून रक्त यावं ही सोय. पण पुष्कळांचं हे कडं अर्धवटच असतं, म्हणजे ऐन वेळी बोळ निघतो बंद. 1664 साली टॉमस विलिसनं त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातली चित्रं काढणाऱ्यांत लंडनचं सेंट पॉल चर्च बांधणारा क्रिस्टोफर रेन होता. घरं बांधणाऱ्याला डोकं काढायला बसवलं, मला हे आवडलं.

खरी अडचण आली ती मेंदूच्या आवरणांची. कारण ती कवटीत दिसत नाहीत, हाड वाळलं की सगळं गेलेलं. तीन आवरणं, ड्युरा, अरॅक्नॉइड, पाया. मराठी पुस्तकात दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका. धनूला कुठल्या दोघींच्या मध्ये काय असतं त्याचा रोज घोळ व्हायचा. मी म्हटलं, थांब. अस्तर लावणं हा माझा धंदा आहे.

भाजीतला एक फ्लॉवर घेतला. आधी मलमल. ती फ्लॉवरच्या प्रत्येक बोळकांडीत चिकटून बसली पाहिजे, कारण पाया मेंदूच्या वळीवळीत शिरते, वेगळी काढू म्हटलं तरी निघत नाही. खळ लावून, सुईच्या मागच्या टोकानं ढोसून ढोसून बसवली, तास गेला. तिच्यावर गाऊनच्या झालरीची नेट. ही वळीत शिरत नाही, वरून नुसती ताणून जाते. अरॅक्नॉइड म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी. मलमल आणि नेटच्या मधल्या जागेत पाणी असतं. मेंदू सुमारे 1400 ग्रॅमचा, पण त्या पाण्यात तरंगतो म्हणून त्याचा भार उरतो 50 ग्रॅमच्या आसपास. आणि सगळ्यांत बाहेर ड्युरा, कडक, हाडाला आतून चिकटलेली. त्याला कॉलरचं बकरम. दोन गोलार्धांच्या मध्ये ह्याच बकरमाची एक घडी विळ्यासारखी खाली उतरते, तीही घातली. त्या घडीच्या वरच्या काठात अशुद्ध रक्ताचा मोठा पाट असतो, भांगाच्या बरोबर खाली. मेंदूवरच्या बारीक शिरा नेट पार करून ह्या पाटाला येऊन मिळतात. मी निळा दोरा घेऊन मलमलीतून नेट, नेटमधून बकरम असे आठ-दहा सैल टाचे घातले.

धनू बघतच राहिली. मग तिनं सांगितलं की ड्युरा मेटर, पाया मेटर ह्यातलं मेटर म्हणजे आई. हजारएक वर्षांपूर्वीच्या अरबी वैद्यांनी ह्या आवरणांना मेंदूच्या आया म्हटलं, त्याचं लॅटिन झालं. एक कडक आई, एक मायाळू आई. “आपल्या घरात कडक कोण ते सांगायला नको,” मी म्हटलं. दाराबाहेरून आत्याबाई म्हणाल्या, “तूच की.”

फ्लॉवर मी टाकला नाही, व्हायवापर्यंत राहू दे म्हटलं. फळीवर कवटीच्या शेजारी ठेवला.

भोगीच्या सकाळी आत्याबाई तिळाचा डबा काढायला खाली वाकल्या आणि उठताना भिंतीतल्या कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा डोक्याला लागला. ठण्णकन आवाज आला, पण रक्त नाही. टेंगूळ आलं. हळद लावली, खोबरेल चोळलं आणि बाजरीच्या भाकऱ्या त्यांनीच थापल्या. त्याच दिवशी जत्रेतल्या अक्षता सोहळ्यालाही गेल्या. आम्ही विसरलो. त्याही विसरल्या.

जानेवारी संपता संपता शेडमध्ये वास सुटला म्हणून फ्लॉवर उचलला. तो सुकून आत गेला होता, मुठीएवढा. बकरम तेवढंच्या तेवढं, आणि मधे पोकळी. माझे ते सैल निळे टाचे तारेसारखे ताठ झाले होते. उचलताना एक तटकन तुटला. “अगं आई, हेच तर!” धनू ओरडली. वय झालं की मेंदू थोडा आक्रसतो, कवटी तेवढीच राहते, शिरा ताणल्या जातात. मग बारीकसा धक्काही पुरतो. शीर धमनीसारखी उसळत नाही, ठिबकते. धमनी फुटली तर रक्त हाड आणि ड्युराच्या मध्ये तासाभरात साठतं आणि स्कॅनवर अख्ख्या मसुरासारखं दिसतं, माणूस मधे थोडा वेळ चांगला बोलतो आणि एकदम कोसळतो. शीर तुटली तर ड्युराच्या खाली, चंद्रकोरीसारखं पसरत जातं, आणि म्हाताऱ्या माणसात त्याचा पत्ता लागायला तीन-तीन आठवडे जातात.

हे सगळं मी पुस्तक हातात धरून तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. एक शब्द चुकला नाही. व्हायवाला नेमकं हेच विचारलं, सरांनी शाबासकी दिली.

त्याच आठवड्यात आत्याबाईंच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायला लागली.

त्यांना कळायचंच नाही. चार पावलं पुढं जायच्या आणि चप्पल उंबऱ्यात. धाकटा हसायचा. मग चहाची बशी डाव्या हातातून कलायला लागली. दुपारभर झोपायच्या. शेंगाची चटणी कुटताना मीठ दोनदा पडलं, आणि हे आमच्या घरात कधी झालेलं नाही. ह्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं वयाचं आहे, अशक्तपणा आहे म्हणून ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे ना आम्ही सांगितलं, ना तिथं कुणी विचारलं. धनू तर म्हणाली, “आज्जी नाटक करते, कवटी घरातून जावी म्हणून.” हे ती आता कुणी आठवण करून दिली तर उठून जाते. मीही काही वेगळं समजत नव्हते, मी फक्त बोलले नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारली, आणि लुगड्याचा काष्टा डाव्या हातानं धरता येईना. तेव्हा धनूनं त्यांना समोर बसवलं, दोन्ही हात पुढं करायला लावले, डोळे मिटायला लावले. उजवा हात जागेवर. डावा हळूहळू पालथा होत खाली आला. तिनं माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. शेडमध्ये जाऊन उगाच बकरमाचा तो तुकडा हातात घेऊन परत आली.

सिटी स्कॅनच्या फिल्मवर मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उजवीकडे करड्या रंगाची जाड चंद्रकोर, आणि तिनं मेंदू डावीकडे रेटलेला. मधला विळा वाकडा. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते, त्यामुळं डावी चप्पल. ताजं रक्त फिल्मवर पांढरं दिसतं, जुनं होत जाईल तसं काळवंडतं, म्हणजे हे भोगीचंच. ह्यांना तर कपाटाचं दार आठवतच नव्हतं. मला आठवलं.

आत्याबाईंचं ऑपरेशन पूर्ण भूल न देता झालं, फक्त कातडी बधिर करून. मेंदूला स्वतःला काही दुखत नाही. दुखतं ते कातडीला, ड्युराला. उजव्या बाजूला दोन भोकं पाडली, रुपयाच्या नाण्याहून लहान. आतून जुन्या स्कूटरच्या ऑइलसारखं काळपट रक्त आलं असं सर्जननं आम्हाला सांगितलं. दोन दिवस नळी ठेवली होती आणि उशीशिवाय सपाट झोपायचं होतं, त्याचाच त्यांना जास्त राग. मी विचारलं, कळत होतं का काही? म्हणाल्या, “दुखलं न्हाई. तुझं ते ओव्हरलॉक डोस्क्यात चालवल्यावानी झालं.” संध्याकाळी मी डावा हात हातात घेतला तर त्यांनी माझी बोटं अशी दाबली की बांगडी वाढवली.

मे महिन्यात, 43 डिग्रीत, पत्र्याची शेड म्हणजे भट्टी. तरी एका संध्याकाळी आत्याबाई काठी टेकत आल्या आणि पहिल्यांदा आत शिरल्या. माझ्या स्टुलावर बसल्या. भादरलेल्या जागी बोटभर पांढरे केस उगवले होते.

“काढ बघू ते.”

धनूनं अभ्र्यातून कवटी काढून त्यांच्या पुढं धरली. आत्याबाईंनी आधी स्वतःच्या डोक्यावरचे दोन खड्डे बोटांनी चाचपले, मग तेच बोट कवटीवर उजवीकडे फिरवलं, भांगाच्या शिवणीपासून चार बोटं खाली. “हितं?” “हो आज्जी, आणि एक थोडं पुढं.” हाड किती जाड ते त्यांनी कापलेल्या कडेवर बघितलं. वर-खाली कडक पापुद्रा आणि मध्ये अनारशासारखी जाळी. नखानं टकटक केलं.

“कुणाचं म्हणालीस?”

ह्या वेळी धनूनं सांगायचा प्रयत्न केला. भुवयांचं हाड गुळगुळीत आहे, कानामागचा उंचवटा लहान आहे, म्हणून बाईचं असावं. अक्कलदाढ आलेली आहे, पण शिवणी अजून मिटलेल्या नाहीत, म्हणून फार वय नसावं.

“बाई हाय व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी मशिनवर पाय ठेवला आणि कॉलर पुढं ओढली.

दुसऱ्या दिवशी सेट एका जुनियरला द्यायचा होता. धनूनं कवटी कपड्यानं पुसायला काढली, तर अभ्र्याला आतून वरच्या बाजूला हाताएवढा डाग पडलेला. वास घेतला. खोबरेल होतं.

मी तिला कपाटातून दुसरा अभ्रा काढून दिला.